सॉफ्टबॉल गुणनोंदीचे अ‍ॅप: हिशेब चोख, निवाडा अर्धा

टॅबलेटवर सॉफ्टबॉलचे गुणपत्रक भरण्यासाठी जी अ‍ॅप्स आज मिळतात, त्यांपैकी एक मी संपूर्ण हंगामभर, साखळी सामन्यांपासून बाद फेरीपर्यंत, कागदी गुणपत्रकाच्या जोडीने वापरले. अ‍ॅपचे नाव येथे देत नाही. त्यात जे गुण आणि जे दोष आढळले, ते बेसबॉलसाठी आखलेली पद्धत सॉफ्टबॉलला लावणाऱ्या कोणत्याही अ‍ॅपमध्ये असू शकतात, आणि नाव पाहून खरेदी करण्यापेक्षा नेमक्या कोणत्या प्रसंगांवर अ‍ॅप तपासून घ्यावे हे गुणलेखकाला ठाऊक असणे अधिक उपयोगाचे आहे. हे परीक्षण फास्टपिच, म्हणजे वेगवान चेंडूफेकीच्या, प्रकारापुरते आहे. संथ चेंडूफेकीच्या स्लोपिचमध्ये बंटला (बॅट न फिरवता चेंडू हलकेच जवळ पाडण्याला) परवानगीच नसल्यामुळे ज्या प्रसंगांनी या अ‍ॅपची खरी परीक्षा झाली, ते तेथे उद्भवतच नाहीत.

आधी जे चांगले आहे त्याविषयी. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप ६ आणि बाहेरच्या तिघी ७, ८, ९ हे क्रमांक पडद्यावरील मैदानाच्या आकृतीतच दिलेले आहेत. चेंडू ज्या क्रमाने फिरला त्या क्रमाने बोट ठेवत गेले की ६-४-३ अशी नोंद तयार होते आणि असिस्ट (बाद करण्यास मदत) व पुटआउट (प्रत्यक्ष बाद करणे) योग्य त्या खेळाडूंच्या खात्यात जातात. धावपटू दोन बेसच्या मध्ये सापडून तिला पुढे-मागे पळवले जाते, तेव्हा एकाच क्षेत्ररक्षकाने दोनदा चेंडू फेकला तरी तिला असिस्ट एकच द्यायचा असतो; हे अ‍ॅपला बरोबर कळते. इनफिल्ड फ्लाय (आतल्या भागातील सोपा उंच झेल, ज्यावर पंच फलंदाजाला झेलाआधीच बाद ठरवतात) जाहीर झाल्यावर झेल सुटला, तरी जी तो झेल घेणार होती तिलाच पुटआउट मिळतो, हेही त्याला ठाऊक आहे. घाईत भरलेल्या कागदावर नेमक्या अशाच ठिकाणी चुका राहतात, त्यामुळे हे काम बिनचूक होणे ही मोठी सोय आहे.

कॅचरच्या हातून निसटलेल्या चेंडूंची नोंद हा या अ‍ॅपचा सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग म्हणावा लागेल. चेंडू निसटून धावपटू पुढे गेली की अ‍ॅप थेट वाइल्ड पिच (पिचरच्या दोषाने निसटलेला चेंडू) की पास्ड बॉल (कॅचरच्या दोषाने निसटलेला) असे विचारत नाही. चेंडू होमप्लेटच्या अलीकडे जमिनीला लागला होता का, असे ते आधी विचारते, आणि उत्तर होय असेल तर दोष पिचरकडे जातो. ड्रॉप बॉल (प्लेटजवळ खाली बुडणारा चेंडू) टाकणाऱ्या पिचरच्या सामन्यात हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी तो योग्य जागी लक्ष वेधतो. तिसरा स्ट्राइक कॅचरने सोडला आणि फलंदाज पहिल्या बेसवर सुखरूप पोहोचली, तरी पिचरच्या खात्यात स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) जमा होतोच, आणि म्हणूनच तीन बादांच्या एका इनिंगमध्ये चार स्ट्राइकआउट होऊ शकतात, हेही अ‍ॅप निमूटपणे मान्य करते. फलंदाज वाइल्ड पिचमुळे बेसवर आली, पास्ड बॉलमुळे आली की कॅचरच्या चुकलेल्या फेकीमुळे, हे तीन पर्याय ते वेगवेगळे ठेवते. हा भेद पुढे अर्न्ड रन (क्षेत्ररक्षणातील चुकीशिवाय झालेली, पिचरच्या खात्यावर धरली जाणारी धाव) मोजताना निर्णायक ठरतो, कारण वाइल्ड पिच पिचरच्या माथी असते आणि उरलेल्या दोन गोष्टी तिच्या माथी नसतात.

बंटवर आलो की मात्र चित्र बदलते. सॉफ्टबॉलमध्ये दोन बेसमधील अंतर ६० फूट असते, बेसबॉलमध्ये ते ९० फूट. पिचर फलंदाजापासून ४३ फुटांवरून चेंडू टाकते. एवढ्या जवळच्या खेळात बंट हे नेहमीचे हत्यार आहे, आणि बंटवरचे निवाडे नीट न करणारे अ‍ॅप सॉफ्टबॉलसाठी अपुरे आहे असे माझे स्पष्ट मत आहे. एक प्रसंग सविस्तर सांगतो. पहिल्या बेसवर धावपटू, एकही बाद नाही. फलंदाजाने तिसऱ्या बेसच्या बाजूला बंट केला. बंटची चाहूल लागताच पहिल्या व तिसऱ्या बेसवरील दोघीही पुढे धावून आल्या, म्हणून पहिला बेस सांभाळण्याची जबाबदारी दुसऱ्या बेसच्या खेळाडूवर आली. तिसऱ्या बेसच्या खेळाडूने चेंडू उचलून पहिल्या बेसकडे अगदी अचूक फेकला. पण दुसऱ्या बेसची खेळाडू जागेवरून हललीच नव्हती. चेंडू मोकळ्या बेसवरून उजव्या कोपऱ्यात गेला, फलंदाज पहिल्या बेसवर सुखरूप राहिली आणि पुढची धावपटू तिसऱ्या बेसवर पोहोचली.

अ‍ॅपमध्ये येथे ‘बंट’, मग ‘सेफ’, मग ‘एरर’ असे निवडत गेले की ते फेक करणारीच्या नावावर एरर टाकून मोकळे होते, म्हणजे ए-५. हा निवाडा चुकीचा आहे. फेक अचूक होती आणि फेकण्याला सबळ कारण होते. अशा वेळी ज्या खेळाडूने बेसवर येऊन चेंडू थांबवायला हवा होता तिच्याकडे एरर जायला हवा, म्हणजे ए-४. फलंदाजासाठी सॅक्रिफाइस (धावपटूला पुढे सरकवण्यासाठी स्वतःच्या बादची किंमत मोजणे) नोंदवायचा, कारण बेस सांभाळलेला असता तर ती बाद झाली असती आणि धावपटू दुसऱ्या बेसवर गेलीच असती. धावपटू दुसऱ्या बेसपर्यंत सॅक्रिफाइसवर गेली आणि तिसऱ्यापर्यंत त्याच एका एररवर गेली. अ‍ॅपला हे समजावण्यासाठी ‘एरर’ निवडल्यावर वरच्या कोपऱ्यातील बारीक खुणेवर बोट दाबून धरावे लागते, मग क्षेत्ररक्षक बदलण्याची चौकट उघडते. ती खूण कोणी दाखवून दिल्याखेरीज सापडणार नाही, आणि पुढचा चेंडू टाकायला पिचर सज्ज झालेली असताना ती शोधत बसायला कोणाजवळही वेळ नसतो.

दुसरा बंट याहून सूक्ष्म आहे. परिस्थिती तीच, पण या वेळी पिचरने चेंडू स्वच्छ उचलला आणि दुसऱ्या बेसकडे फेकला. धावपटू फेकीच्या आधी पोहोचली आणि दोघीही सुखरूप राहिल्या. कोणाची चूक झाली नाही. अ‍ॅप येथे केवळ फिल्डर्स चॉइस (फलंदाजाऐवजी दुसऱ्या धावपटूला बाद करण्याचा क्षेत्ररक्षकाने निवडलेला पर्याय) नोंदवते आणि फलंदाजाच्या नावे एक अ‍ॅट-बॅट (सरासरीत मोजली जाणारी फलंदाजीची पाळी) लावते. वास्तविक, दोनपेक्षा कमी बाद असताना केलेल्या बंटवर पुढच्या धावपटूला बाद करण्याचा प्रयत्न एररशिवाय फसला, तर फलंदाजाला सॅक्रिफाइस द्यायचा असतो आणि सोबत फिल्डर्स चॉइसची नोंद करायची असते. अ‍ॅट-बॅट लागत नाही. पहिल्या बेसवर उत्तम फेक करूनही ती बाद झालीच नसती असे गुणलेखकाचे मत असेल, तरच तो हिट (स्वतःच्या टोल्याच्या जोरावर मिळवलेला बेस). हाच प्रसंग बंटऐवजी साध्या ग्राउंडरवर (जमिनीवरून गेलेल्या टोल्यावर) घडला असता तर फिल्डर्स चॉइस आणि अ‍ॅट-बॅट हे अ‍ॅपचे उत्तर बरोबर ठरले असते. म्हणजे अ‍ॅपने ग्राउंडरचा नियम बंटलाही लावला आहे. तीन अ‍ॅट-बॅटमध्ये एक हिट असणाऱ्या खेळाडूची सरासरी .३३३ असते, हा एक चुकीचा अ‍ॅट-बॅट तिला .२५० वर आणतो. ज्या खेळाडूला प्रशिक्षकाने संघासाठी बंट करायला सांगितले आणि जिने ते काम चोख केले, तिच्या सरासरीतून ही किंमत वसूल होणे मला मुळीच पटत नाही.

बंट करून पुढची धावपटू प्रत्यक्षात बाद झाली तर सॅक्रिफाइस मिळत नाही, आणि फलंदाज धावपटूला पुढे सरकवण्यासाठी नव्हे तर स्वतःच्या हिटसाठीच बंट करत होती असे गुणलेखकाला वाटले तरीही मिळत नाही. पहिला भाग अ‍ॅप सांभाळते. दुसऱ्यासाठी त्यात जागाच नाही. डाव्या हाताने खेळणाऱ्या आणि धावतच चेंडूला टोला देणाऱ्या स्लॅप फलंदाजांच्या बाबतीत तर हेतूचा हा प्रश्न रोजचा आहे.

स्लॅपचा विचार हिट आणि एरर यांच्या मूळ निवाड्याकडेही नेतो. एरर ठरवण्याची कसोटी ‘सामान्य प्रयत्न’ ही आहे: त्या दर्जाच्या, त्या जागेवरील क्षेत्ररक्षकाने नेहमीच्या प्रयत्नाने फलंदाजाला बाद केले असते का? ६० फुटांवरील बेसकडे धावतच निघालेल्या स्लॅप फलंदाजाविरुद्ध शॉर्टस्टॉपला चेंडू उचलून फेकायला जो अवधी मिळतो, तो इतका तुटपुंजा असतो की चेंडू हातात क्षणभर चाचपडला तरी सगळे संपते. आणि तो चाचपडला नसता तरीही फलंदाज सुखरूप राहिली असती, असेही पुष्कळदा घडते. तेव्हा चेंडू हाताळताना गडबड झाली म्हणजे एरर, हे समीकरण येथे चालत नाही. गुणलेखकाने आधी फलंदाज कोठवर पोहोचली होती ते पाहावे, आणि मग क्षेत्ररक्षकाच्या हातांकडे पाहावे. अ‍ॅप ‘चेंडू हातातून सुटला’ हा पर्याय निवडताच पुढे ‘एरर’ आपोआप भरून ठेवते. तो बदलता येतो हे खरे, परंतु आधीच भरलेले उत्तर बदलायला मनाला एक जास्तीचा धक्का लागतो, आणि नवखा गुणलेखक तो देत नाही.

याच्या उलट बाजूचा दोषही आहे. अ‍ॅपच्या मदत-विभागात असे म्हटले आहे की चेंडूला क्षेत्ररक्षकाचा स्पर्श झाला नसेल तर हिट द्यावा. हे चुकीचे आहे आणि ते तातडीने काढून टाकले पाहिजे. साधा ग्राउंडर पायांमधून स्पर्शही न होता निघून गेला तर तो एररच आहे. स्पर्श ही कधीही अट नव्हती. विचारातली चूक, म्हणजे चुकीच्या बेसकडे फेकणे किंवा कोठे फेकावे याचा निर्णय न होणे, तिला एरर देत नाहीत, आणि दुहेरी बाद गृहीत धरून दुसऱ्या फेकीला एरर लावत नाहीत, जोवर त्या फेकीमुळे एखादी धावपटू आणखी एक बेस पुढे जात नाही. या दोन्ही गोष्टी त्याच विभागात अचूक आणि सुबोध लिहिल्या आहेत. म्हणूनच स्पर्शाविषयीचे ते वाक्य अधिक खटकते. शेजारची वाक्ये बरोबर असल्यामुळे वाचणारा तेही खरे मानणार.

बेस चोरण्याची नोंद हा आणखी एक भाग जेथे बेसबॉलची छाया दिसते. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू पिचरच्या हातातून सुटेपर्यंत धावपटूला बेस सोडता येत नाही, आणि सुटताक्षणी जवळजवळ प्रत्येक धावपटू काही पावले पुढे येते. चेंडू कॅचरकडून निसटला आणि धावपटू दुसऱ्या बेसवर गेली, तर ती चोरी की वाइल्ड पिच, हे त्या पावलांवर ठरते: ती न थांबता निघाली होती, की थबकून, चेंडू निसटलेला पाहून मग धावली? पहिले असेल तर बेस तिने चोरला, दुसरे असेल तर वाइल्ड पिच. अ‍ॅप चेंडू निसटल्याची नोंद झाली की चोरीचा पर्यायच बंद करते. चोरी नोंदवायची तर निसटलेला चेंडू पुसावा लागतो. शिवाय प्रत्येक चेंडूची नोंद चालू असताना गुणलेखकाची नजर चेंडूवर असते, धावपटूच्या पावलांवर नसते; म्हणून शेजारी दुसरी व्यक्ती बसवून धावपटूंकडे लक्ष ठेवायला सांगण्याची पद्धत मला अजूनही योग्य वाटते, आणि कोणतेही अ‍ॅप तिची जागा घेऊ शकत नाही. तिसऱ्या बेसवर धावपटू असताना चार बॉल मिळालेली फलंदाज पहिल्या बेसवर न थांबता थेट दुसऱ्याकडे धावते, ती सॉफ्टबॉलची खास युक्ती अ‍ॅप ‘वॉकवर दोन बेस’ अशी लिहिते. असे काही अस्तित्वात नाही. पहिला बेस वॉकवर आणि दुसरा चोरीवर, अशा दोन नोंदी व्हायला हव्यात.

किरकोळ प्रसंगांपैकी दोनच सांगतो. कॅचरने फलंदाजाच्या बॅटला अडथळा केला तर फलंदाजाला अ‍ॅट-बॅट लागत नाही आणि कॅचरला एरर मिळतो. अ‍ॅपमध्ये हे बरोबर आहे. टोलवलेला चेंडू धावपटूला लागून ती बाद ठरली, तर फलंदाजाला हिट आणि जवळच्या क्षेत्ररक्षकाला पुटआउट मिळतो. अ‍ॅप फिल्डर्स चॉइस लिहिते आणि पुटआउट कोणालाच देत नाही, त्यामुळे सात इनिंगच्या सामन्यात २१ ऐवजी २० पुटआउट दिसू लागतात.

डीपी (डेझिग्नेटेड प्लेअर) आणि फ्लेक्स यांच्या बाबतीत अ‍ॅपने मला सर्वाधिक त्रास दिला. या पद्धतीत संघाच्या यादीत दहा नावे असतात. फ्लेक्स दहाव्या जागी लिहिली जाते, ती क्षेत्ररक्षण करते आणि तिच्या जागी डीपी फलंदाजी करते. मात्र डीपीला मैदानात कोणत्याही खेळाडूच्या जागी क्षेत्ररक्षणाला उतरता येते, आणि तेथेच गुणलेखकाची कसोटी लागते. समजा, चौथ्या क्रमांकावर फलंदाजी करणारी डीपी तिसऱ्या इनिंगमध्ये तिसऱ्या बेसवर उभी राहिली, आणि त्या जागेची मूळ खेळाडू सहाव्या क्रमांकावर फलंदाजी करते. ही मूळ खेळाडू सामन्यातून बाहेर गेलेली नाही. ती फक्त क्षेत्ररक्षण करत नाही, तिची फलंदाजी चालूच राहते. अ‍ॅप येथे ‘कोण बाहेर जात आहे’ हा प्रश्न विचारल्याशिवाय नोंद पुढे जाऊ देत नाही. मूळ खेळाडूचे नाव दिले की ती बदललेली खेळाडू ठरते, आणि पुढच्या इनिंगमध्ये ती फलंदाजीला आली की पडद्यावर ‘पुनःप्रवेश वापरला’ असा लाल शेरा येतो. सुरुवातीच्या यादीतील खेळाडू बाहेर जाऊन एकदा स्वतःच्याच फलंदाजी क्रमांकावर परत येऊ शकते, हा पुनःप्रवेशाचा हक्क तिने वापरलेलाच नाही, तरी अ‍ॅपच्या लेखी तो संपलेला असतो. नंतर ती खरोखर बाहेर गेली आणि परत आली, की अ‍ॅप तिला अवैध खेळाडू ठरवते. प्रतिस्पर्धी प्रशिक्षकाने तो पडदा पाहिला आणि पंचांकडे दाद मागितली, तर गुणलेखकाला पुराव्यादाखल कागदच काढावा लागेल.

डीपी जेव्हा फ्लेक्सच्याच जागी क्षेत्ररक्षणाला येते, तेव्हा मात्र फ्लेक्स सामन्यातून बाहेर गेलेली असते आणि संघ नऊ जणींवर येतो. फ्लेक्सने डीपीच्या जागी फलंदाजी केली तर डीपी बाहेर गेलेली असते. हे दोन्ही बदल अ‍ॅप नीट नोंदवते. त्यावरून असे दिसते की बनवणाऱ्यांनी नियम वाचलेला आहे, फक्त त्याचा मधला भाग सोडून दिला आहे.

आता अर्न्ड रनविषयी. अ‍ॅपच्या जाहिरातीत याच गोष्टीवर भर असतो, आणि सरळ प्रसंगांत ते विश्वासार्ह आहे. एरर आणि पास्ड बॉल वगळून इनिंग पुन्हा मनात मांडायची आणि तिसरा बाद कोठे व्हायला हवा होता ते पाहायचे, ही पद्धत ते प्रामाणिकपणे पाळते. पण इनिंगच्या मध्यात पिचर बदलली की त्याचा हिशेब बिघडतो. पहिल्या फलंदाजाचा साधा ग्राउंडर शॉर्टस्टॉपने सोडला, ती पहिल्या बेसवर राहिली. पुढच्या दोघी बाद झाल्या. एरर झाला नसता तर इनिंग येथे संपली असती. आता नवी पिचर आली. तिच्याविरुद्ध एक सिंगल आणि त्यानंतर होमरन, एकूण तीन धावा. संघाच्या दृष्टीने तिन्ही धावा अनअर्न्ड आहेत. पहिली धाव आधीच्या पिचरच्या नावे, तीही अनअर्न्ड. परंतु नव्या पिचरला तिच्या येण्याआधी वाया गेलेल्या बादचा लाभ मिळत नाही, म्हणून तिच्या खात्यात दोन अर्न्ड रन लागतात. पिचरच्या अर्न्ड रनची बेरीज संघाच्या अर्न्ड रनशी जुळत नाही, आणि ती जुळू नये हेच बरोबर आहे. अ‍ॅप मात्र ही बेरीज जुळवण्याच्या आग्रहाने नव्या पिचरच्या दोन्ही धावा माफ करून टाकते.

अर्न्ड रन सरासरीतही एक साधी चूक होती. सॉफ्टबॉलचा सामना सात इनिंगचा, म्हणून अर्न्ड रनला सातने गुणून टाकलेल्या इनिंगनी भागायचे असते. १४ इनिंगमध्ये ४ अर्न्ड रन देणाऱ्या पिचरची सरासरी २.०० येते. अ‍ॅप सुरुवातीला नऊने गुणत होते आणि तीच सरासरी २.५७ दाखवत होते. अ‍ॅपच्या सेटिंगच्या पानावर हा आकडा बदलता येतो, पण प्रत्येक नव्या स्पर्धेसाठी तो वेगळा बदलावा लागतो.

गुणपत्रक बरोबर आहे की नाही हे पाहण्याची जुनी पडताळणी या अ‍ॅपमध्ये आपोआप होते, आणि सामना संपताच ती समोर येते ही मला सर्वांत आवडलेली सोय. फलंदाजी करणाऱ्या संघाचे अ‍ॅट-बॅट, वॉक, चेंडू लागल्यामुळे मिळालेले बेस, सॅक्रिफाइस आणि कॅचरच्या अडथळ्यामुळे मिळालेले बेस यांची बेरीज. दुसऱ्या बाजूला धावा, बेसवर राहिलेल्या धावपटू आणि प्रतिस्पर्ध्यांचे पुटआउट यांची बेरीज. २७ अ‍ॅट-बॅट, ३ वॉक, १ लागलेला चेंडू आणि २ सॅक्रिफाइस मिळून ३३. ४ धावा, बेसवर राहिलेल्या ८ आणि २१ पुटआउट मिळूनही ३३. जुळले. पण सामना बरोबरीत राहून टायब्रेकरमध्ये गेला की हीच सोय गोंधळ घालते. आंतरराष्ट्रीय नियमांत आठव्या इनिंगपासून प्रत्येक अर्ध्या इनिंगची सुरुवात दुसऱ्या बेसवर धावपटू ठेवून होते, आणि ती त्या इनिंगच्या पहिल्या फलंदाजाच्या आधीच्या क्रमांकाची खेळाडू असते. ती फलंदाजी न करताच बेसवर आलेली असते. तिचा शेवट मात्र धाव, बाद किंवा बेसवर राहणे यांपैकी कशात तरी होतोच. म्हणून पूर्ण नऊ इनिंग खेळलेल्या संघाच्या पडताळणीत धावा-पुटआउटची बाजू दोनने जास्त येणे हेच योग्य आहे. अ‍ॅप तेथे ‘गुणपत्रक जुळत नाही’ असा इशारा देते आणि दुरुस्ती केल्याखेरीज अहवाल पाठवू देत नाही. तातडीने अहवाल द्यायचा असताना एखादा गुणलेखक खोटा वॉक घालून बेरीज जुळवून टाकेल, ही भीती मला खरी वाटते. त्या धावपटूची धाव अनअर्न्ड धरावी, हे मात्र अ‍ॅपला ठाऊक आहे.

निवाडा करायला वेळ लागतो, हे या अ‍ॅपच्या रचनेत कोठेच गृहीत धरलेले नाही, आणि माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे. हिट की एरर याचे उत्तर दिल्याशिवाय पुढचा चेंडू नोंदवता येत नाही. कागदावर आपण चौकोनात बारीक प्रश्नचिन्ह करतो, इनिंग संपल्यावर शेजारच्या गुणलेखकाशी दोन शब्द बोलतो आणि मग शाईने लिहितो. अ‍ॅपमध्ये अशा अनिर्णित नोंदीची जागा नाही. आणि आधीची नोंद नंतर बदलली तर तिच्यापुढील धावपटूंच्या हालचाली पुसल्या जाऊन पुन्हा भराव्या लागतात. त्यामुळे लोक पहिल्यांदा जे मनात आले तेच ठेवतात. हा दोष गणिताचा नाही, पण ज्या खेळाडूंची निवड हंगामाच्या आकड्यांवर होते त्यांच्यासाठी तो बाकी सगळ्या दोषांहून गंभीर आहे.

तरीही हे अ‍ॅप घेऊ नये असे मी म्हणणार नाही. चेंडूंची संख्या, फलंदाजाने कोठे किती टोलवले याचा नकाशा आणि खेळाडूंची हंगामभराची एकत्रित आकडेवारी ज्या प्रशिक्षकाला हवी असेल, त्याला कागदावरून ती काढायला रात्री जागवाव्या लागतील. मैदानावर इंटरनेट नसले तरी नोंद थांबत नाही, बॅटरी संपून टॅबलेट बंद पडला तर शेवटच्या चेंडूपर्यंतचे सगळे परत मिळते. अनुभवी गुणलेखक, जो अ‍ॅपने सुचवलेले उत्तर मोडून काढायला कचरत नाही, त्याच्या हाती ते उत्तम साधन आहे. नव्याने शिकणाऱ्याने मात्र पहिला हंगाम कागदावरच काढावा. अधिकृत स्पर्धेत ते एकमेव गुणपत्रक म्हणून वापरू नये. घेण्यापूर्वी चाचणी-सामना उघडून वर सांगितलेले दोन बंट, डीपीचे तिसऱ्या बेसवर येणे आणि इनिंगच्या मध्यात बदललेली पिचर, एवढे भरून पाहावे. पंधरा-वीस मिनिटांत ते अ‍ॅप कोणत्या खेळासाठी बनले आहे ते उघड होते.

हे सर्व दोष मी बनवणाऱ्यांना प्रसंगांसह लिहून कळवले. पुढच्या आवृत्तीत सरासरीचा गुणक सात झाला आणि टायब्रेकरच्या धावपटूसाठी पडताळणीत वेगळी ओळ आली. बंट आणि डीपी यांचे काम अजून झालेले नाही. तोवर डीपी दुसऱ्या कोणाच्या जागी उतरली की मी बदलाची नोंद न करता फक्त जागांचे क्रमांक हाताने फिरवतो, म्हणजे मूळ खेळाडूचा पुनःप्रवेश शाबूत राहतो. आणि सगळ्या सुखरूप राहिल्या अशा बंटवर आधी सॅक्रिफाइस निवडून मग शेऱ्यात फिल्डर्स चॉइस लिहितो, म्हणजे अ‍ॅट-बॅट लागत नाही.